शटर आपल्या हातानं उघडलं पाहिजे

आम्ही पुण्यातल्या येरवड्याहून, आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाच्या वतीनं बोलतोय. येरवडा म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा जेल आठवतं. म्हणजे आमच्या गावाची ओळखच मुळी बंद दरवाजाची! आज आम्ही बोलणार आहोत तेही दरवाजाबद्दलच, पण तो आहे आपल्या घराखालचा, दुकानाचा, गोदामाचा, गाडी ठेवायच्या जागेचा. आपण सगळ्या त्याला शटर म्हणतो.

तुम्ही म्हणाल, शटरवर बोलण्यासारखं काय आहे? वर ढकललं की उघडलं, खाली ओढलं की बंद झालं. पण तुमच्या गटाचा पापडाचा गाळा असेल, गिरणी असेल, रेशन दुकान असेल, दूध संकलनाची खोली असेल, तर एक प्रश्न स्वतःला विचारा. ते शटर रोज सकाळी कोण उघडतं? आपल्यापैकी कुणीही एकटी उघडू शकते का? की कुणाच्या तरी नवऱ्याची, मुलाची, शेजारच्या भाऊंची वाट बघत पायरीवर बसावं लागतं? शटर आपल्या हातानं उघडत नसेल, तर दुकान आपल्या नावावर असूनही ते उघडायची वेळ दुसऱ्याच्या हातात राहते. म्हणून हा विषय आम्ही घेतलाय.

आमच्याकडे शटर घरोघरी कशी आली, ते आधी थोडक्यात सांगतो. येरवड्यात २००९ च्या सुमारास झोपडपट्टीतली कच्ची घरं होती तिथेच पक्की बांधायचं काम सुरू झालं. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू शहरी अभियानातली गरिबांसाठीच्या मूलभूत सुविधांची ती योजना होती. लोकांना दुसरीकडे कुठे उचलून नेलं नाही. महिला मिलनच्या बायका घरोघरी फिरल्या, मोजमापं झाली, नकाशावर चर्चा झाली. एका कुटुंबाला २७० चौरस फुटांचं घर आणि खर्चाचा दहा टक्के वाटा कुटुंबाचा, असा हिशेब होता. जागा एवढीशी, त्यामुळे घर उंच गेलं. काही घरांना खाली मोकळी जागा ठेवली होती, गाडी लावायला किंवा पुढे दुकान काढायला. एकूणच आमच्या वस्त्यांमध्ये आज खाली शटर आणि वर संसार असं चित्र दिसतं. एका शटरमागे रिक्षा, एकामागे दोन स्कूटर, एकामागे शिलाई मशीन, एकामागे इडलीचं भांडं. तुमच्याकडे बाजारपेठेच्या गावात, एसटी स्टँडजवळच्या गाळ्यांत याहून वेगळं नसेल.

आता या शटरचं पोट उघडून बघू. घाबरू नका, सोपं आहे.

शटर म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टीची कड दुसरीच्या कडेत अडकवलेली असते, म्हणून ते चटईसारखं गुंडाळलं जातं. दोन्ही बाजूंना भिंतीला लागून लोखंडी पन्हळी असतात, त्यांना कारागीर गाईड म्हणतात. पट्ट्यांची टोकं त्या पन्हळीतून वर-खाली सरकतात. सगळ्यात खाली जाड पट्टी असते, तिला मूठ आणि कुलपाच्या कड्या असतात. आणि वर, पत्र्याच्या डब्यात, एक आडवा पाईप असतो. त्या पाईपावर शटर गुंडाळलं जातं आणि त्याच पाईपावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात.

सगळी गोम या स्प्रिंगेत आहे. आठ फूट रुंद, आठ फूट उंच, १८ गेजच्या पत्र्याचं शटर सिमेंटच्या गोणीपेक्षा जड असतं. एवढं वजन कुठलीही बाई, किंवा कुठलाही पुरुष, रोज डोक्यावर उचलत नाही. ते उचलते स्प्रिंग. आपण शटर खाली ओढतो तेव्हा स्प्रिंग आवळली जाते, घड्याळाला चावी द्यावी तशी. वर ढकलतो तेव्हा ती सुटत जाते आणि ओझं आपल्याबरोबर उचलते. आपला हात फक्त इशारा देण्यापुरता लागायला हवा.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. शटर जड झालं, तर ते तुमच्या हातात जोर नाही म्हणून झालेलं नाही. एक तर स्प्रिंग थकली आहे, किंवा पन्हळीत घाण अडकली आहे, किंवा काहीतरी वाकलं आहे. आमच्या गटात एक ताई पहाटे साडेपाचला पोहे-चहाची गाडी लावतात. सामान शटरच्या आत. त्यांना वर्षभर सगळे सांगत होते की आता वय झालं, जमायचं नाही, मुलाला उठवत जा. त्यांचं वय बावन्न. शटरवाल्याला बोलावलं, त्यानं पन्हळ सरळ केली, स्प्रिंगेला ताण दिला, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी ताईंनी एकटीनं शटर वर केलं. वय तेच होतं. शटर दुरुस्त झालं होतं.

आणि हे नुसतं सोयीचं नाही, तब्येतीचंही आहे. कंबर धरते, खांदा धरतो, हे तर आहेच. ज्या बायकांना अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचं नुकतंच बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी जड शटर उचलूच नये. जोर लावून उचलण्यानं हा त्रास वाढतो. गटात हे मोकळेपणानं बोला. "आज मी शटर उचलणार नाही" एवढं म्हटलं की पुरे, कारण विचारत बसू नका.

आता तुमचं शटर तब्येतीनं कसं आहे, ते तपासायची एक सोपी रीत सांगतो. दोघी जणी मिळून करा. लहान मुलांना लांब ठेवा. शटर कमरेपर्यंत वर घ्या. दोघींनी दोन बाजूंना धरा. मग हातांचा जोर हळूहळू कमी करा, पण हात काढून घेऊ नका. पाय शटरच्या खाली ठेवू नका. शटर जागेवर थांबलं, किंवा अगदी थोडंसं सरकलं, तर स्प्रिंग ठीक आहे. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडली आहे. आपोआप जोरात वर पळालं तर ताण जास्त झाला आहे. दोन्ही वाईटच. खाली येणारं शटर पायावर पडतं, वर पळणारं शटर खाली ओढताना हात ओढून नेतं.

आणखी चार खुणा बघा. एक, शटर तिरकं जातंय का, म्हणजे एक बाजू पुढे आणि एक मागे. दोन, वर जाताना कुठे अडखळतंय का, आणि रोज त्याच जागी अडखळतंय का. त्याच जागी अडखळत असेल तर तिथे पन्हळ चेपलेली असणार, बहुतेक स्कूटर किंवा टेम्पो टेकून. तीन, एखादी पट्टी बाजूला सरकून पन्हळीवर घासतेय का. चार, वरच्या डब्याजवळ भिंतीला तडा गेलाय का, बोल्ट हलतोय का. ही चौथी खूण दिसली तर त्या दिवशी शटर वापरूच नका. सगळं वजन त्या दोन टोकांच्या बोल्टांवर असतं.

आता आपण स्वतः काय करू शकतो आणि काय करायचं नाही, याची सरळ वाटणी करू.

झाडलोट आपली. दुकान झाडताना आठवड्यातून एकदा दोन्ही पन्हळी झाडा. जुना टूथब्रश नाहीतर बारीक फडा घ्या आणि वरून खालपर्यंत फिरवा. खाली उंबऱ्याजवळ पन्हळीच्या तळाशी माती, खडे, गुटख्याच्या पुड्या, काय काय साठतं. ते उकरून काढा. शटर पूर्ण खाली बसत नाही म्हणून लोक त्याच्यावर पाय देऊन दाबतात. त्याला बहुतेक वेळा एक खडाच कारण असतो.

तेल आपलं, पण बेतानं. इथे बहुतेक जणी एक गोष्ट करतात, ती करू नका. स्वयंपाकाचं गोडंतेल पन्हळीत ओतू नका. दोन दिवस शटर छान पळतं. मग तेल चिकट होतं आणि रस्त्याची सगळी धूळ धरून ठेवतं. गिरणीत तर विचारूच नका. पन्हळीत पीठ आणि त्यात तेल, म्हणजे कणीकच मळली की! गाडीचं जुनं काळं ऑईलही नको. ते धान्याच्या पोत्यांवर, साडीवर गळतं आणि डाग जात नाही.

मग वापरायचं काय? शिलाई मशीनचं तेल. ते बहुतेक गटांकडे असतंच. आधी पन्हळ कोरड्या फडक्यानं पुसा. मग दुसऱ्या फडक्याला तेलाचे थेंब लावून ते फडकं आतून एकदा फिरवा. बोट लावलं तर बोटाला ओशट लागेल एवढंच, ओघळ दिसला तर पुसून घ्या. बाजूच्या कड्यांना दोन-दोन थेंब. कुलपाच्या चावीच्या भोकात मात्र तेल नको, धूळ बसून ते घट्ट होतं. तिथे पेन्सिलीच्या शिसाची बारीक पूड करून चावीला लावा आणि चावी चार वेळा फिरवा. हे महिन्यातून एकदा पुरे.

ओढायची रीतही आपली. शटर नेहमी मधल्या मुठीनं किंवा दोन्ही बाजूंना सारखा जोर लावून उचला. एकाच कोपऱ्याला धरून उचललं की ते तिरकं होतं, पट्ट्या सरकतात, आणि मग महिन्याभरात अडकायला लागतं. उचलताना कंबरेत वाकू नका. गुडघ्यात वाका, मूठ धरा, आणि पायांच्या जोरानं उठा. खाली ओढायला हात पुरत नसेल तर स्टुलावर चढू नका. लांब काठीला पुढे लोखंडी आकडा लावून घ्या, लोहारही करून देतो. तो आकडा शटरच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगून ठेवा. आणि शटर वर सोडून देऊ नका, धडाम आवाज करत वर गेलं म्हणजे शटर चांगलं आहे असं काही नाही. हातानं सोबत करत न्या.

पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या, वेणी मागे टाका. पट्ट्या गुंडाळल्या जाताना त्यांच्या मध्ये फट उघडते आणि मिटते, त्यात बोटं सापडतात. म्हणून पट्ट्यांना धरून शटर ओढायचं नाही. मुलांना खालच्या पट्टीला लोंबकळायला फार आवडतं. त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा.

आणि गावाकडच्या मैत्रिणींसाठी एक जास्तीची सूचना. बरेच दिवस बंद असलेलं शटर उघडताना आधी बाहेरून काठीनं वाजवा, मग थोडंसं वर करून थांबा. वरच्या डब्यात गांधीलमाशा घर करतात, साप बसतो. त्या डब्यात हात घालायचा नाही, काठीच घालायची.

आता काय करायचं नाही ते. स्प्रिंगेला हात लावायचा नाही. कितीही सोपं वाटो, व्हिडिओत कुणीही करून दाखवो. शटर खाली असतं तेव्हा स्प्रिंग पूर्ण आवळलेली असते. तो ताण एकदम सुटला तर हातातला रॉड गरकन फिरतो. हात मोडतो, डोळा जातो. वरच्या डब्याचे बोल्ट, पाईप, स्प्रिंग, हे सगळं शटरवाल्याचं काम. ओळखीचा वेल्डिंगवाला चांगला असला, तरी त्यानं शटरची कामं केली आहेत का, हे आधी विचारा.

शटरवाल्याला बोलावलं की आपण बाजूला उभं राहायचं, पण बघत राहायचं. पाच गोष्टी विचारायच्या. नेमकं काय बिघडलंय, ते दाखवा. ताण देऊन चालेल की स्प्रिंग बदलायला लागेल? एक स्प्रिंग तुटली असेल तर दुसरीचंही वय तेवढंच झालंय, मग दोन्ही एकदम बदलल्या तर किती पडतील? काढलेला जुना भाग आम्हाला दाखवाल का? आणि कामाची हमी किती दिवसांची? पैसे आधी ठरवा, शक्य असेल तर दोन ठिकाणी भाव विचारा, पावती घ्या. काम झालं की पैसे द्यायच्या आधी तुमच्यातल्या सगळ्यात बारीक अंगकाठीच्या बाईनं शटर एकदा उघडून, एकदा बंद करून बघायचं. तिला जमलं तर काम झालं. त्याला उचलता येतं, हा काही पुरावा नव्हे.

डब्याच्या आतल्या बाजूला किंवा भिंतीवर रंगानं तारीख लिहून ठेवा. स्प्रिंग कधी बदलली, तेल कधी दिलं. गटाच्या वहीतही एक पान शटरला द्या. दर महिन्याला थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला टाकले की बिघाड झाला तेव्हा कर्ज काढावं लागत नाही. गाळा भाड्याचा असेल तर करारात बघा, शटरची दुरुस्ती कोणाकडे आहे. लिहिलं नसेल तर पुढच्या वेळी लिहून घ्या.

नवीन शटर बसवणार असाल तर दरपत्रकात पत्र्याची जाडी लिहून मागा. गेजचा आकडा उलटा चालतो, हे लक्षात ठेवा. १८ गेज जाड, २० गेज त्याहून पातळ. पत्र्याच्या शटरसाठी आपल्या देशाचं मानकही आहे, आयएस ६२४८. त्याचं नाव घेतलं की समोरच्याला कळतं, या बायका विचारून आल्यात.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या सणांवर बसवा, म्हणजे विसरायला होत नाही. अक्षय्य तृतीयेनंतर, पाऊस यायच्या आत, गंज बघा. गंज बहुधा खालच्या पट्टीपासून लागतो, कारण पावसाचं पाणी तिथे उडतं आणि साठतं. काचकागदानं गंज घासा, रेड ऑक्साईडचा हात द्या, तो वाळला की ऑईलपेंट. शटर गॅल्व्हनाईज्ड पत्र्याचं असेल तर रंगाच्या दुकानात तसं सांगून त्याचा वेगळा प्रायमर मागा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. पन्हळीच्या आत आणि पट्ट्यांच्या सांध्यांत जाड रंग लावू नका, शटर चिकटून बसेल. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूनं थोडा उतार करून घेतला तर पाणी आत येत नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी खाऱ्या वाऱ्यामुळे अधूनमधून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं शटर पुसून लगेच कोरडं करावं. मग पावसाळा संपला की दसरा. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो, शटरला झेंडूचं तोरण बांधतो. तोरण बांधायच्या आदल्या दिवशी पन्हळी साफ, तेलपाणी आणि ती कमरेपर्यंतची तपासणी. शटरचीही पूजा झाली, समजा.

आता जरा गंभीर बोलायचंय. स्वयंपाकघरात असाल तर गॅस बारीक करा आणि ऐका.

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत सहा कामगार झोपले होते. दुकान बाहेरून कुलूपबंद होतं. सहाही जण गेले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पूर्णानगरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानाच्या पोटमाळ्यावर कुटुंब राहत होतं. आई, वडील, दोन मुलं. चौघंही गेले.

या बातम्या आम्ही वाचल्या तेव्हा आमच्या गल्लीकडे आम्ही नव्या नजरेनं बघितलं. किती घरांत खाली शटर, आत गाडी, आणि वर माणसं झोपलेली. चोर येऊ नये म्हणून आपण शटर लावतो. पण संकटाच्या वेळी, अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाला ते उघडता आलं पाहिजे. दिवसा दोघींना उचलायला जड जाणारं शटर रात्री धुरात दहा वर्षांच्या पोरीला उचलणार आहे का? शटर हलकं ठेवायचं म्हणतो ते यासाठी.

म्हणून आम्ही गटात काही नियम केले, ते तुम्हाला सांगतो.

आत माणूस झोपलेलं असेल तर बाहेरून कुलूप लावायचं नाही. एका रात्रीसाठीही नाही, "पहाटे येतोच" म्हणूनही नाही. तुमच्या गटाच्या गोदामात राखणीला कुणी झोपत असेल, परगावचे मजूर झोपत असतील, त्यांनाही हाच नियम.

आतून कुलूप लावत असाल तर चावी एकाच ठरलेल्या जागी, शटरजवळ, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, पण बाहेरून हात घालून घेता येणार नाही अशी. घरातल्या प्रत्येकानं डोळे मिटून ती चावी काढून कुलूप उघडून बघायचं. मुलांना हा खेळ वाटतो, वाटू दे.

शटरशिवाय बाहेर पडायला दुसरी वाट असावी. मागचं दार, गच्चीकडे जाणारा जिना, उघडणारी जाळी. काहीच नसेल तर नवीन शटर करताना त्यातच माणूस जाईल एवढा छोटा दरवाजा ठेवून मागा. असे दरवाजे बनवून मिळतात. आणि ती दुसरी वाट पोत्यांनी, सिलिंडरनी, जुन्या सायकलींनी बुजवायची नाही.

शटर बंद ठेवून आत गाडी सुरू करायची नाही. थंडीत "जरा गरम होऊ दे" म्हणून रिक्षा, स्कूटर आतच चालू ठेवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. कोळशाची शेगडी बंद शटरमागे पेटवली तरी तेच, जनरेटर लावला तरी तेच. आधी शटर पूर्ण वर, मग गाडी सुरू. शटरच्या वरच्या भागात जाळीच्या पट्ट्या बसवून घेतल्या तर हवा खेळती राहते.

विजेवरची स्कूटर रात्रभर बंद शटरमागे चार्जिंगला लावून वर झोपू नका. दिवसा, शटर उघडं असताना, घरात कुणी जागं असताना लावा. पेट्रोलचे कॅन, थिनरचे डबे, गॅसची टाकी त्याच्याजवळ नको.

काही मैत्रिणींकडे आता मोटरवर चालणारं शटर आलंय. बटण दाबलं की वर. सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी बसवणाऱ्याकडून शिकून घ्या. वीज गेली तर हातानं उघडायची सोय कुठे आहे, ती साखळी किंवा दांडा स्वतः फिरवून बघा. आणि खाली काही अडकलं तर शटर थांबतं का, ते विचारा. अमेरिकेत घराघरांना मोटरवरची गॅरेजची दारं असतात. तिथे अशा दारांखाली सापडून लहान मुलं दगावली, तेव्हा कायदाच झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांत दाराखाली काही अडकलं तर दार उलटं वर जाण्याची सोय असणं तिथे बंधनकारक आहे. आपण विकत घेताना तेवढं तरी विचारू शकतो. मोटरचं बटण मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. आणि साफसफाई करताना आधी मेन स्विच बंद.

मैत्रिणींनो, एवढ्या सगळ्यातलं या आठवड्यात काय करायचं? तीनच कामं. पहिलं, दोन्ही पन्हळी साफ करा. दुसरं, दोघींनी मिळून कमरेपर्यंतची तपासणी करा आणि काय दिसलं ते गटाच्या वहीत लिहा. तिसरं, रात्री शटर लावल्यावर घरातल्या किंवा गाळ्यातल्या प्रत्येकाला आतून ते उघडायला लावा. आजीला, सुनेला, शाळकरी पोरीला, सगळ्यांना. जिला जमलं नाही तिच्यावर हसू नका. तिला का जमलं नाही ते शोधा. कडी गंजली असेल, चावी उंच असेल, स्प्रिंग थकली असेल. ज्याचं कारण सापडेल ते दुरुस्त करा, आणि पुढच्या बैठकीत दुसऱ्या गटाला सांगा. तुमच्याकडे शटर उघडताना काय अडचण येते, ते रेडिओ केंद्राला कळवा. आम्ही इथल्या शटरवाल्यांना विचारून पुढच्या वेळी सांगू.